आमचा वेफर्सचा धंदा

परदेशातल्या मराठी माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. सुट्टीवर घरी गेलं की, "आता कायमचे परत कधी?" आणि इकडे मंडळाच्या कार्यक्रमात, एका हातात मसालेभाताची प्लेट आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी रडकं पोर असताना, "तुम्ही नक्की काम काय करता हो?" पहिल्या प्रश्नाला आम्ही तीस वर्षांवर बगल देत आलो आहोत. दुसऱ्याला मात्र खरं उत्तर देतो, आणि तिथंच घोटाळा होतो.

"चांगल्या, चालत्या चिप्स बिघडवतो," असं आम्ही सांगतो. ऐकणारा हसतो, सौ. डोळे वटारते आणि विषय व्हिसावर जातो.

आईनं तर डोंबिवलीत आमच्या नोकरीची वेगळीच जाहिरात केली होती. पहिल्या वर्षी फोनवर आम्ही 'सिलिकॉनच्या वेफर्सवर काम असतं' असं म्हणालो. त्या काळी मिनिटाचे पैसे मोजून बोलावं लागे, त्यामुळे फोड करून सांगणं परवडत नसे. सिलिकॉन वाटेत कुठंतरी गळाला आणि बिल्डिंगभर बातमी झाली की एवढं एमएस्सी करून मुलगा अमेरिकेत वेफर्सच्या धंद्यात पडला. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं म्हणे, "बटाट्याचे की केळ्याचे?"

तर मंडळी, एकदा नीटच सांगतो.

पृथ्वीभोवतीची हवा आणि पृथ्वीचं चुंबकत्व ही आपल्या डोक्यावरची छत्री आहे. ती ओलांडून वर गेलं की विश्वकिरणांचा मारा सुरू होतो. 'किरण' हा शब्द फसवा आहे. हे बहुतेक सगळे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंची केंद्रं. त्यांत हायड्रोजनची सर्वांत जास्त, मग हेलियमची, आणि शेकडा एखादाच त्याहून जड, लोखंडासारखा. हा एखादाच महाग पडतो. जड कण सिलिकॉनमधून आरपार जाताना वाटेत विद्युतभाराची रेघ सोडून जातो. मेमरीतला शून्य किंवा एक हा इवल्याशा विद्युतभारावर उभा असतो. रेघ नेमकी त्याच्यावरून गेली की शून्याचा एक होतो. २०१० साली व्हॉयेजर-२ कडून येणारी माहिती अचानक अगम्य झाली, तेव्हा शोध घेतल्यावर त्याच्या संगणकाच्या मेमरीतला असा एक बिट उलटलेला सापडला. एवढ्या लांबून तो जागेवर आणला गेला, हेही नवलच.

बिट उलटणं म्हणजे सर्दीपडसं. खरं दुखणं दुसरं आहे, त्याला आमच्या धंद्यात लॅचअप म्हणतात. लॅच म्हणजे दाराची कडी. चिपमध्ये वेगवेगळ्या जातीच्या सिलिकॉनचे थर शेजारी शेजारी असतात. त्यांच्यातून, कुणीही न आखलेला, एक लपलेला स्विच आपोआप तयार होतो. एरवी तो झोपलेला असतो. जड कण गेला की जागा होतो, कडी लागते आणि वीज भसाभसा वाहायला लागते. चिप तापते. वेळेवर मेन स्विच बंद केला तर कडी सुटते, नाहीतर चिप जळते. न्हाणीघराची कडी आतून अडकल्यावर काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना अधिक सांगायला नको. फरक इतकाच की वर उपग्रहावर दार ठोठवायला कुणी नसतं.

म्हणून हा मारा आधी जमिनीवर करून बघायचा. त्यासाठी लागतो कणत्वरक. १९९८ साली आम्ही ह्यूस्टनजवळच्या एका छोट्या कंपनीत होतो आणि आमची वारी असायची कॉलेज स्टेशनला, टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर. सायक्लोट्रॉन म्हणजे चकली. कण मधोमध सोडायचा, प्रचंड चुंबक त्याला गोल फिरवतो, दर फेऱ्याला विजेचा धक्का बसतो, वेग वाढतो, फेरा मोठा होतो आणि शेवटी बाहेरच्या टोकाला तो सुटतो. झेनॉनसारखा जड अणू प्रकाशाच्या वेगाच्या सतरा-अठरा टक्के वेगानं बाहेर पडतो. मुंबईत शिकताना कुलाब्याचा पेलेट्रॉन आम्ही लांबून पाहिला होता. तो सरळ उंच मनोरा, ही गोल चकली. आपल्या कलकत्त्याचा सायक्लोट्रॉन, ज्यातून १९७७ साली पहिली शलाका निघाली, तो बर्कलेच्या आणि टेक्सस ए अँड एमच्याच जुन्या यंत्राच्या धर्तीवर बांधलेला, हे कळल्यावर उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

आता एवढा वेग असूनही हा झेनॉन सिलिकॉनमध्ये जेमतेम केसाच्या जाडीइतका आत शिरतो. म्हणजे चिपवरचं काळं प्लास्टिक तसंच ठेवलं तर तो त्यातच संपणार. त्यामुळे आधी आम्ल टाकून ते प्लास्टिक खायचं, आतलं चकचकीत सिलिकॉन उघडं करायचं आणि सोन्याच्या केसाएवढ्या तारा मात्र शाबूत ठेवायच्या. चारातली एक चिप यातच मरते. आमचा हात त्यात बरा होता. आई म्हणायची, लहानपणी फणस सोलायला हाच पुढे असायचा.

शलाकेचे तास विकत घ्यावे लागतात. रात्र, दिवस, सणवार काही नाही. आपला तास रात्री दोनचा असेल तर दोनला हजर. वाया गेला तर पैसे गेले, आणि पुढची पाळी काही महिन्यांनी. मागच्या गटाचं सामान निघत असतं, पुढचा गट दारात खोकी घेऊन उभा असतो, अगदी मुंबईच्या लग्नाच्या हॉलसारखं.

ऑक्टोबर १९९८. दिवाळी तोंडावर होती. सौ.ने सायक्लोट्रॉनवरच्या ऑपरेटर मंडळींसाठीसुद्धा चकलीचा डबा भरून दिला होता. आम्ही आणि एक टेक्सन सहकारी, दोघंच. चिप व्यापारी उपग्रहावर जायची होती. गिऱ्हाइकाची अट होती, अमुक एका माऱ्यापर्यंत लॅचअप एकदाही होता कामा नये. नियम असा की चिप कामात असते त्याहून जास्त तापवायची, जास्तीत जास्त व्होल्टेज द्यायचं, आणि दर चौरस सेंटीमीटरला एक कोटी कण मारायचे. इंग्रजीत दहाचा सातवा घात म्हणतात, आपल्याकडे त्याला थेट शब्द आहे, त्याचं आम्हाला तेव्हाही बरं वाटायचं. सेकंदाला पन्नास हजार धरले तर कोटी पुरे व्हायला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात.

निऑन झाला, आर्गॉन झाला, क्रिप्टॉन झाला. बिट उलटत होते, ते अपेक्षितच. लॅचअप नाही. शेवटी झेनॉन, आधी सरळ, मग चिप तिरपी करून, कारण तिरप्या वाटेनं कण जास्त भार सांडतो. पहाटेचे साडेचार. सहकारी कॉफी आणायला गेला होता. शेवटची फेरी, शेवटचं अर्ध मिनिट. पडद्यावर पंचेचाळीस मिलीअँपियर असलेला आकडा एकदम तीनशेच्या वर गेला. आम्ही हात पुढे करायच्या आत आमच्याच प्रोग्रामनं वीज तोडली, पुन्हा जोडली, आणि आकडा परत पंचेचाळीस. नोंदवहीत एक ओळ उमटली. चिप जिवंत होती, जणू काही झालंच नाही.

एक कोटीत एक.

फेरी पुन्हा करायला हवी होती. दारात पुढचा गट उभा होता. सहकारी कॉफी घेऊन आला तेव्हा आम्ही केबली गुंडाळत होतो.

सोमवारी साहेबांनी ती ओळ पाहिली. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. आमच्या मुलीच्या बारशाला आला होता, पुरणपोळी दोनदा घेतली होती. त्याचं म्हणणं असं : लांब केबली, पहाटेची वेळ, विजेची खरखर, एकच नोंद, ती पण पुन्हा झाली नाही, आणि पाहिली फक्त तू. शिवाय अवकाशात लोखंडाहून जास्त भार सांडणारे कण फारच विरळ. हे त्याचं खरंच होतं. लोखंडाच्या पलीकडे त्यांची संख्या कड्यावरून पडावी तशी पडते. "हिशेब कर, हजार वर्षांत एकदा येईल. अहवालात लिही, मांडणीतला दोष. लॅचअप आढळला नाही."

आता आमची परिस्थिती. एच-वन व्हिसा. ग्रीनकार्डाची फाइल कंपनीमार्फत, लेबर सर्टिफिकेशनच्या पायरीवर अडकलेली. तेव्हा नोकरी बदलली की फाइल पहिल्यापासून. नोकरी गेली तर आजच्यासारखी साठ दिवसांची मुदतही नव्हती, ती २०१७ साली आली. सौ. एच-फोरवर. पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये दहा माणसांवर देखरेख करणारी बाई इथं चार वर्षं घरी बसून लायब्ररीची पुस्तकं वाचत होती, कारण त्या व्हिसावर तिला झाडू मारायचा पगारसुद्धा घेता येत नव्हता. मुलगी दोन वर्षांची. आणि निर्णय काय, तर अहवालातलं एक वाक्य.

रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही सौ.ला सगळं सांगितलं. खरं म्हणजे तिनं 'जाऊ द्या हो' म्हणावं, असं आम्हाला मनातून वाटत होतं. ती चकलीच्या सोऱ्याची जाळी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, समजा ती नोंद आलीच नसती. कोटीत शून्य. तर तुम्ही काय लिहिणार होतात?"

"लॅचअप होत नाही म्हणून."

"असं कसं लिहाल? आमच्याकडे थुंकीच्या नमुन्यात क्षयाचे जंतू दिसले नाहीत तर 'आढळले नाहीत' असं लिहायचे. 'क्षय नाही' असं कुणी लिहिलं तर डॉक्टर सोलून काढायचे. किती नमुना पाहिला, त्यावर ते अवलंबून. शून्य दिसलं म्हणजे शून्य आहे का?"

तिचं गणित बिनचूक होतं. आमच्याच धंद्याचा नियम आहे तो, फक्त तो आम्ही परिशिष्टात टाकतो. कोटी कणांत एकही घटना दिसली नाही, तरी पंच्याण्णव टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की सरासरी तीन-साडेतीनच्या पुढे नसावी. शून्याला वरची मर्यादा असते.

"आणि इथं तर शून्यही नाही," ती म्हणाली. "एक दिसलाय. आमच्याकडे एक जंतू दिसला तर आम्ही काचपट्टी फेकून नाही देत. दुसरा नमुना मागवतो."

"दुसरा नमुना तीन महिन्यांनी. तोवर उपग्रह रवाना होईल."

"मग तसं लिहा."

एवढंच बोलून ती सोऱ्या पुसायला लागली. आम्ही रात्री दोनपर्यंत जागे होतो. तिलाही झोप लागली नव्हती, पण दोघांनीही ते एकमेकांना कळू दिलं नाही.

अहवालात आम्ही लिहिलं : झेनॉन, तिरपा मारा, कोटी कण, घटना एक, चिप वीज तोडल्यावर पूर्ववत, फेरी पुन्हा करता आली नाही. आणि खाली सूचना : चिप बाद करायची गरज नाही, तिच्या वीजपुरवठ्यात मर्यादेबाहेर प्रवाह गेला की आपोआप तोडणारं छोटं सर्किट घालावं. काही डॉलर्सचं काम. आमच्या प्रोग्रामनं त्या पहाटे जे केलं तेच वर उपग्रहात करायचं. हजार वर्षांतला तो एक दिवस पहिल्या आठवड्यात येणार नाही, असं कुठं लिहून ठेवलंय?

साहेबांनी वाचलं, काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकाकडे गेलेल्या प्रतीत आमचं वाक्य होतं, पण शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. ते सर्किट बसवलं की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढचं थोडक्यात. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत उपग्रह आणि त्यांचे सुटे भाग शस्त्रास्त्रांच्या यादीत गेले. ग्रीनकार्ड नसलेल्या माणसाला त्यांचे आराखडे दाखवायचे तर सरकारी परवाना लागायला लागला. ज्या चिपची साल आम्ही स्वतःच्या हातानं काढली होती तिचा कागद बघायला आम्ही परके ठरलो. जूनमध्ये आम्हाला नारळ मिळाला. तो अहवालामुळे की कायद्यामुळे, यावर आम्हा दोघांचं आजही एकमत नाही. सौ. म्हणते कायदा. आमचा दिवस कसा गेलाय त्यावर आमचं मत ठरतं.

तीन आठवडे कसे काढले ते मंडळातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. पन्नास-साठ ठिकाणी रेझ्युमे फॅक्स केले. एका घरून रोज संध्याकाळी 'जास्त झालंय' म्हणून भाजी यायची, ते जास्त होत नसे हे आम्हाला कळत होतं. शेवटी डॅलसला टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत जागा मिळाली. तिथं चिपवर कण सोडा, कुणी धूळही पडू देत नसे. ग्रीनकार्डाची फाइल पुन्हा श्रीगणेशापासून. कार्ड आलं २००४ साली. परवाना त्याआधी हाती पडला आणि सौ. इस्पितळाच्या लॅबमध्ये लागली. पहिल्या पगारातून तिनं स्वतःसाठी सूक्ष्मदर्शक घेतला. आम्हाला वाटलं होतं साडी घेईल.

२००६ मध्ये आम्ही परत शलाकेवर आलो, दुसऱ्या एका कंपनीतून. यंत्र तेच, चकली तीच, रांग मात्र वाढलेली. ती तेव्हापासून वाढतच गेली. २०१८ साली इथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं अख्खा अहवाल लिहिला, की अवकाशातल्या चिप्स तपासायला त्वरकांचे तास अपुरे पडताहेत आणि जाणती माणसं निवृत्त होताहेत. निवृत्त होणाऱ्यांत आता आम्हीही आलो. अधूनमधून नव्या पोरांना शिकवायला बोलावतात. त्यांना आम्ही फोबोस-ग्रुंटची गोष्ट सांगतो. मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं रशियन यान नोव्हेंबर २०११ मध्ये उडालं, पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं आणि जानेवारी २०१२ मध्ये समुद्रात पडलं. सरकारी चौकशीनं दोष अवकाशातल्या जड कणांवर आणि त्यांनी बिघडवलेल्या मेमरी चिप्सवर ठेवला. ते सगळ्या तज्ज्ञांना पटलं नाही. कण बिचारा येऊन साक्ष देत नाही, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलता येतं. आमच्या साहेबांनी विजेच्या खरखरीवर ढकललं होतं तसंच. म्हणून पोरांना सांगतो, शेवटच्या फेरीला कॉफी आणायला जाऊ नका. दोघं जण पडद्यापुढे बसा.

२००६च्या दसऱ्याला आई इथं होती. खंडेनवमीला सकाळी म्हणाली, "तुझी हत्यारं आण रे, पूजा करायची." आम्ही पाटावर स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी, मीटर मांडलं. सौ.नं सूक्ष्मदर्शक आणून ठेवला. आणि खणातून, का कोण जाणे, ती जुनी चिपही काढली. चाचणीनंतर भंगाराच्या डब्यात गेलेली, गायगर मीटरनं तपासून बाहेर सोडलेली, साल काढलेली, चकचकीत.

आईनं हळदकुंकवाचं बोट नेमकं उघड्या सिलिकॉनवर नेलं. आमच्या तोंडून ओरडाच निघाला, "आई, तिथं नको! धूळसुद्धा चालत नाही तिथं!"

तिनं हात आवरला, चष्म्यातून चिपकडे पाहिलं. "हीच का ती वेफर? जिच्यापायी तुझी नोकरी गेली?"

"कायद्यापायी," सौ. आतून म्हणाली.

"जी असेल ती," म्हणत आईनं करंगळीशेजारचं बोट टेकवलंच.

चिप अजून आमच्याकडे आहे. मंडळाच्या मुलांची सायन्सची कार्यशाळा असते तेव्हा सौ. ती आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली लावते. मुलं आळीपाळीनं डोळा लावतात. सोन्याच्या तारा दिसतात, मेमरीचे ओळीनं मांडलेले चौकोन दिसतात, झेनॉनच्या माऱ्याचा मागमूसही दिसत नाही. आणि एका कोपऱ्यात पिवळे-लाल खडक दिसतात, त्याबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतंच.